दिव्यदृष्टीची मुदत

शाळेत गणिताच्या मास्तरांनी एकदा अशी मुस्काटात ठेवून दिली होती की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आपल्याला हा नुसता वाक्प्रचार वाटतो, पण काजवे खरेच असतात. डोळा मिटा आणि कडेने बोटाने हलकेच दाबा, विरुद्ध बाजूला एक फिकट उजळ कडं उमटतं. बाहेरचा उजेड आत गेलेला नसतो. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी आणि तिथून मेंदूकडे गेलेले तंतू यांना एकच निरोप देता येतो, उजेड आला. त्यांना उजेडाने हलवा, चपराकीने हलवा, नाही तर विजेच्या बारीक झटक्याने हलवा, निरोप तोच.

आंधळ्या डोळ्याला वीज लावून पाहण्याचा सगळा उद्योग पेशींच्या या हेकटपणावर उभा आहे. १७५५ साली शार्ल लरुआ या फ्रेंच डॉक्टराने एका अंध माणसाच्या डोक्याभोवती तार गुंडाळली आणि वीज साठवलेल्या बरणीचा झटका त्यातून सोडला. त्या माणसाला ज्वाळा दिसल्या. दृष्टी काही आली नाही. पुढे दोनशे वर्षांनी, १९६० च्या दशकात, केंब्रिजमध्ये जाइल्स ब्रिंडली आणि वॉलपोल ल्युइन यांनी ५२ वर्षांच्या एका अंध नर्सच्या कवटीच्या आत, मेंदूच्या मागच्या बाजूला जिथे दृष्टीचं काम चालतं तिथे, ८० इलेक्ट्रोड ठेवले. एका इलेक्ट्रोडला वीज दिली की तिला बहुतेक वेळा एकच बारीक पांढरा ठिपका दिसे, आणि तो ठरलेल्या जागीच दिसे. काही इलेक्ट्रोडना दोन-चार ठिपके, एखाद्याला लहानसा ढग. तिने डोळे फिरवले की ठिपकेही फिरत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला काळ्या ताटात सांडलेले साबुदाण्याचे दाणे आठवले होते. दाणे हवे तसे मांडता आले तर चित्र होईल, हा तेव्हापासूनचा हिशेब.

या काजव्यांबद्दल मला शंका नाही. त्यांच्यासोबत जे क्रियापद येतं त्याबद्दल आहे. 'अंधाला दृष्टी परत मिळाली.' 'शास्त्रज्ञांनी डोळे दिले.' मराठी वर्तमानपत्रांत बायॉनिक डोळ्याची बातमी आली की मथळ्यात यातलं एखादं वाक्य असतंच. आणि ते कुठून येतं हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण आमच्या घरात ते एकदा शंभर टक्के खरं ठरलं होतं.

माझ्या आजीचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते. तालुक्याच्या गावी शिबिर लागलं, तिला एसटीने नेलं, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. काळा चष्मा लावून ती घरी आली. ओसरीवर बसली, समोर पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, भिंतीला केवढे पोपडे आलेत!" मग माझ्या आईकडे वळून, "आणि तू अशी का वाळलीस?" तीन वर्षांत घराचं काय झालं ते तिने दहा मिनिटांत सगळं तपासून काढलं. त्यानंतर ती चौदा वर्षं जगली. त्या डोळ्यातल्या भिंगाकडे कोणीही पुन्हा ढुंकून पाहिलं नाही.

ते भिंगही कृत्रिम अवयवच. पण त्याला बॅटरी नाही, वायर नाही, सॉफ्टवेअर नाही. हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टराने महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या प्लास्टिकचे तुकडे पाहिले, डोळा ते मुकाट्याने सहन करतो असं त्याच्या लक्षात आलं, आणि १९४९ साली लंडनमध्ये त्याने त्याच प्लास्टिकचं भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. १९९२ साली मदुराईत ऑरोलॅब सुरू झाली आणि तिने ही भिंगं गरिबाला परवडतील इतकी स्वस्त केली. उद्या भिंग बनवणारा कारखाना बंद पडला, बसवणारा डॉक्टर वारला, शिबिर भरवणारी संस्था मोडली, तरी आजीच्या डोळ्यातलं भिंग आपलं काम करत राहणार. एकदा दिलं की दिलं. म्हणून तिथे 'दृष्टी दिली' हे वाक्य शोभतं. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्के मोतीबिंदूमुळे अंध असल्याचं आढळलं. म्हणजे आपल्या देशात अंधत्वाशी गाठ पडते ती बहुधा मोतीबिंदूच्या रूपाने, आणि अंधत्वाबद्दल बोलायची आपली भाषाही मोतीबिंदूच्या शिबिरातच घडली आहे. दानाची भाषा.

बायॉनिक डोळ्याला आपण हीच भाषा नेसवली. तिथे ती बसत नाही, आणि न बसल्याचा त्रास ती वापरणाऱ्यांना झाला नाही, ज्यांच्या डोळ्यात यंत्र होतं त्यांना झाला.

आर्गस-२ ची गोष्ट सांगतो. कॅलिफोर्नियातल्या सिल्मारची सेकंड साइट नावाची कंपनी. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरत जातात. आधी रातांधळेपणा येतो, मग कडेचं दिसेनासं होतं, नळीतून पाहावं तसं उरतं, शेवटी तेही जातं. पण त्या मेलेल्या पेशींच्या मागच्या रांगेतल्या, निरोप पुढे नेणाऱ्या पेशी बऱ्याच टिकून असतात. त्यांना वीज द्यायची. चष्म्यावर बारीक कॅमेरा, तिथून वायर कमरेच्या डबीपर्यंत, डबीत चित्राचे ठिपके होतात, ते बिनतारी मार्गाने डोळ्यात जातात आणि पडद्याला टाचलेल्या ६० इलेक्ट्रोडमधून उमटतात. युरोपात २०११ साली परवानगी मिळाली, अमेरिकेत २०१३ साली. किंमत सुमारे दीड लाख डॉलर, ऑपरेशनचा आणि शिकवणीचा खर्च वेगळा. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांनी ते बसवून घेतलं.

यातून काय दिसे? दार आणि भिंत यांच्यातला उजळ-काळा फरक. टेबलावरची पांढरी बशी. रस्त्यावरचा पांढरा पट्टा. सगळ्यात चांगली जी मोजणी झाली तिचा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला जे अक्षर पावणेचारशे मीटरवरून ओळखता येईल ते आर्गसवाल्याला सहा मीटरवरून. आपल्या सरकारी व्याख्येप्रमाणे यंत्र चालू असतानाही तो अंधच. शिवाय कॅमेरा चष्म्यावर, त्यामुळे डोळे फिरवून उपयोग नाही. डोळे स्थिर ठेवायचे आणि मान फिरवत राहायचं, देवळात निरांजन घेऊन गाभारा न्याहाळावा तसं. हे अंगवळणी पडायला महिने लागत. काहींनी कंटाळून डबी कपाटात ठेवून दिली. काहींना मात्र बायकोची आकृती दारातून आत येताना दिसली आणि तेवढ्यासाठी सगळं केल्याचं सार्थक वाटलं. या दोघांपैकी कोण बरोबर, हे डोळस माणसाने ठरवू नये.

माझा एक मित्र बँकेत आहे. त्याला हाच आजार. विशीत संध्याकाळचं क्रिकेट सुटलं, तिशीत स्कूटर, चाळिशीत वाचन. बायॉनिक डोळ्याचा पहिला व्हिडिओ आला तेव्हा ओळखीच्या किमान नऊ जणांनी त्याला तो पाठवला, त्यात मीही. त्याने तो कानाने ऐकला. मागचं भावुक संगीत संपल्यावर त्याने मला एकच प्रश्न विचारला, "वॉरंटी किती वर्षांची?" मी हसलो होतो.

सेकंड साइटने २०१९ साली आर्गस-२ गुंडाळायला घेतलं. लक्ष पुढच्या, थेट मेंदूत बसवायच्या यंत्राकडे वळवायचं होतं. मार्च २०२० मध्ये बहुतेक कर्मचारी घरी पाठवले. ज्यांच्या डोळ्यांत ते बसलं होतं त्यांना कोणी नीट सांगितलंसुद्धा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत आयईईई स्पेक्ट्रम या अमेरिकी नियतकालिकाने हे प्रकरण बाहेर काढलं तेव्हा जगाला कळलं. न्यूयॉर्कमधली एक बाई भुयारी रेल्वेच्या स्टेशनात जिना उतरायच्या बेतात होती, तेवढ्यात यंत्रातून बारीक बीप-बीप-बीप असा आवाज आला आणि सगळं विझलं. ही घटना आधीची होती, पण तिचं यंत्र पुन्हा कधी सुरू झालं नाही. नेदरलँड्समधल्या एकाची डबी हातातून पडून फुटली, त्याला ओळखीपाळखीतून कुणाचे तरी जुने सुटे भाग मिळाले म्हणून निभावलं. आणखी एकाला मेंदूचा एमआरआय काढायचा होता. डोळ्यात धातू असताना एमआरआय काढावा की नाही, हे ज्यांना विचारायचं त्या कंपनीत फोन उचलायला माणूस नव्हता.

हे एकाच कंपनीचं दुर्दैव म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याआधीचं पाहा. विल्यम डोबेल या अमेरिकी संशोधकाने २००२ पासून पोर्तुगालमध्ये १६ जणांच्या मेंदूवर इलेक्ट्रोड बसवले. त्यांतला येन्स नाउमन पार्किंगच्या मोकळ्या जागेत हळूहळू गाडी चालवताना दिसला आणि जगभर बातमी झाली. २००४ साली डोबेल वारला, आणि सगळं ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असल्यामुळे देखभालही त्याच्याबरोबर गेली. जर्मनीतल्या रिटिना इम्प्लांट कंपनीने पडद्याखाली प्रकाश टिपणाऱ्या १,५०० कणांची चिप बसवून दाखवली. त्यात आर्गसपेक्षा स्पष्ट दिसे. ती कंपनी २०१९ साली बंद झाली. फ्रान्सची पिक्सियम दिवाळखोरीत गेली. रोपणं चालत होती, कंपन्या चालत नव्हत्या.

महाभारतात व्यास धृतराष्ट्राला दृष्टी देऊ करतात. तो नाकारतो, आपल्याच लोकांचा संहार पाहण्यासाठी डोळे नकोत, ऐकायला मिळालं तरी पुरे, म्हणतो. मग दृष्टी संजयाला मिळते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण सौप्तिकपर्वात दुर्योधन मेल्यावर संजय धृतराष्ट्राला सांगतो की ऋषींनी दिलेली ती दृष्टी आज नाहीशी झाली. काम संपलं, सेवा बंद. निदान संजयाचे स्वतःचे डोळे शाबूत होते.

'दिली' या शब्दात घेणाऱ्याने कृतज्ञ राहावं आणि देणाऱ्याने निघून जावं अशी सोय आहे. दानाला कोणी वार्षिक देखभालीचा करार मागत नाही. बायॉनिक डोळा ही आयुष्यभराची भाडेपट्टी आहे. तारा झिजतात, बॅटऱ्या मरतात, इलेक्ट्रोडभोवती पेशींचा थर साचतो, सॉफ्टवेअर दर वर्षी बदलतं. ज्याच्या शरीरात ते आहे तो दर सकाळी कुणाच्या तरी शब्दावर विसंबून उठतो. त्या कुणाचं तरी लक्ष शेअरबाजाराकडे असतं. अमेरिकेत आर्गसला जी परवानगी मिळाली ती विरळ आजारांसाठीची, वर्षाला ४,००० पेक्षा कमी रुग्ण असतील तर मिळणारी सवलतीची परवानगी होती. यंत्र सुरक्षित आहे आणि उपयोग होण्याचा संभव आहे, एवढं दाखवलं की पुरे. मला ही सवलत चुकीची वाटत नाही, नाहीतर अशा आजारांकडे कुणी वळणारच नाही. पण जी सवलत विरळ आजाराला मिळते तिच्या पोटातच कंपनी बुडण्याचं कारण दडलं आहे, गिऱ्हाईक थोडं. आणि कंपनी बुडाल्यावर काय, हा प्रश्न त्या कागदांत कुठेच विचारलेला नव्हता.

कानाचं उदाहरण नेहमी पुढे केलं जातं. कानात बसवायच्या यंत्रात वीस-बावीस इलेक्ट्रोड असतात आणि तेवढ्यावर लोक फोनवर बोलतात. मग डोळ्याचंही जमेल. मला हे पटत नाही. बोलणं हे काळात उलगडतं, त्याचा पुष्कळसा भाग गेला तरी मेंदू भर घालून घेतो. डोळ्यातून मेंदूकडे दहा लाखांहून जास्त तंतू जातात आणि प्रत्येक तंतूचा निरोप वेगळा: एक कडा सांगतो, एक हालचाल, एक रंग. वीज त्या सगळ्यांना एकदम हलवते. शाळेच्या पटांगणात सगळ्या वर्गांची प्रार्थना एकदम सुरू व्हावी तसं. मेंदूवरच्या ठिपक्यांची गत आणखी विचित्र. अमेरिकेतल्या बेलर कॉलेजच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की अक्षराच्या आकाराचे सगळे ठिपके एकदम पेटवले तर रुग्णाला नुसता गोळा दिसतो, पण तेच इलेक्ट्रोड एकामागून एक, बोटाने गिरवावं तसे पेटवले तर अक्षर ओळखता येतं. लहानपणी आपण एकमेकांच्या पाठीवर बोटाने अक्षर काढून ओळखायला लावायचो, तो खेळ. सियाटलच्या आयोनी फाइन आणि जेफ्री बॉयंटन यांनी २०२४ साली संगणकावर हिशेब मांडला की ४५,००० इलेक्ट्रोड बसवले तरी चित्र ४५,००० ठिपक्यांचं होणार नाही, कारण मर्यादा इलेक्ट्रोडची नसून पेशींच्या वागण्याची आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजायची सवय इथे उपयोगाची नाही. हे जे दिसणं आहे ते डोळ्याचं हरवलेलं दिसणं नाही. ती एक नवी, तोकडी लिपी आहे आणि ती गिरवून शिकावी लागते. ब्रेल शिकणाऱ्याला आपण 'दृष्टी परत मिळाली' असं म्हणत नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारी गोष्ट. २०२५ च्या ऑक्टोबरात न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रिमा या चिपचे निकाल आले. स्टॅनफर्डच्या डॅनियल पॅलंकर यांची कल्पना. दोन मिलिमीटर लांबी-रुंदीची, ३७८ कणांची, केसाहून पातळ अशी ही चिप पडद्याखाली सरकवतात. तिला वायर नाही. चष्मा न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनी चित्र थेट डोळ्यात टाकतो आणि त्याच किरणांवर चिप चालते. म्हणून डोळे फिरवता येतात, मान फिरवायची शिक्षा नाही. हे रुग्ण पूर्ण अंध नव्हते. म्हातारपणी पडद्याचा मधला भाग झिजून नेमकं समोरचं दिसेनासं झालेले, कडेचं दिसणारे. ३८ जणांना चिप बसवली, वर्षानंतर ३२ जणांची तपासणी झाली आणि त्यांतल्या २६ जणांची नजर लक्षात येण्याइतकी सुधारली होती. घरी बसून अक्षरं, आकडे, शब्द वाचतो असं २७ जणांनी सांगितलं. एकोणीस जणांना मिळून २६ गंभीर त्रासही झाले, त्यांतले बरेचसे ऑपरेशननंतरच्या दोन महिन्यांतले आणि निस्तरलेले. वाचन गेलेल्या म्हाताऱ्याला औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता येणं म्हणजे काय, हे मला आजीमुळे कळतं. इथे मी टोपी काढतो.

पण ही चिप मुळात पिक्सियमची. दिवाळखोरीनंतर ती अमेरिकेतल्या सायन्स कॉर्पोरेशनने विकत घेतली म्हणून आज हे निकाल आहेत. कोणी घेतलं नसतं तर? ३८ माणसांच्या डोळ्यांचं भवितव्य लिलावावर अवलंबून होतं. चांगलं घडलं हे खरं, पण ते घडलंच पाहिजे अशी कुठलीही तजवीज नव्हती.

म्हणून परवानगी देतानाच दोन-तीन गोष्टी मागायला हव्यात. जितकी यंत्रं बसवाल त्यांच्या आयुष्यभराच्या देखभालीचे पैसे आधी तिसऱ्याच ठिकाणी ठेवा, कंपनीच्या खात्यात नाही. यंत्राचे आराखडे आणि सॉफ्टवेअर सीलबंद जमा करा. कंपनी गेली की ते दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही उघडे. आणि रुग्ण सही करतो त्या कागदावर, त्याच्या भाषेत, पहिल्या पानावर लिहा की आम्ही बुडालो तर तुमचं काय होईल. अशा अटींनी संशोधन मरेल असं म्हणणारे आहेत. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाबद्दलही हेच म्हटलं जायचं, आधी धरण होऊ द्या. उघड्या आराखड्याला दम नसतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एनव्हीडीए पाहावं. मायकल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियनांनी २००६ साली सुरू केलेलं, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याचा कोड उघडा आहे, ते मराठीही वाचतं. माझा मित्र बँकेत दिवसभर त्यावर काम करतो. ते उद्या एकाएकी बंद पडेल अशी भीती त्याला वाटत नाही.

त्याला त्रास दिला तो नोटांनी. २०१६ नंतरच्या नोटांत शंभर, दोनशे आणि पाचशे या तिन्हींची रुंदी ६६ मिलिमीटर, लांबी १४२, १४६ आणि १५०. चार चार मिलिमीटरचा फरक. मी त्याला हॉटेलच्या काउंटरवर पाहिलं आहे. नोट तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत धरायची, टोक तळहातावर कुठवर येतं ते अंगठ्याने चाचपायचं, मग दुसरी. मागे रांग. मुंबईत राष्ट्रीय अंध संघटना उच्च न्यायालयात गेली, आणि २०२० च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेने नोट ओळखून सांगणारं 'मणी' हे अॅप काढलं. म्हणजे बोटांना कळेल अशी नोट छापायच्या ऐवजी प्रत्येक अंधाने मोबाइल बाळगावा. पाहणाऱ्यांच्या जगाचं गणित असं असतं, चूक आमची आणि यंत्र तुझ्याकडे. बायॉनिक डोळ्याच्या कौतुकातही मला हा सूर ऐकू येतो. फुटपाथ सपाट करण्यापेक्षा माणसाच्या डोळ्यात ६० इलेक्ट्रोड टाचणं जास्त रोमहर्षक असतं, आणि त्याचा व्हिडिओ चांगला होतो.

प्रिमाचे निकाल मी त्याला वाचून दाखवले. आम्ही लोकलची वाट पाहत होतो. त्याने सगळं नीट ऐकलं, आकडे दोनदा विचारले. त्याच्या आजाराला ही चिप आज नाही, हे त्याला माझ्या आधी कळलं. "पण उद्या असेल," मी म्हणालो. "उद्या असली तर विचार करीन," तो म्हणाला. "खरंच करीन. मुलीचा चेहरा ती सहा वर्षांची असल्यापासून पाहिला नाही. आता ती कशी दिसते ते ठिपक्यांत का होईना." मग थोड्या वेळाने, "कंपनी आता कुणाची म्हणालास?"

दिव्यांगांच्या डब्याची खूण असलेला बीप आमच्या डाव्या हाताला वाजत होता. तो त्याच्याकडे सहा पावलं सरकला आणि काठीची घडी घालायला लागला. काठीचे चार तुकडे आतल्या इलास्टिकवर ओवलेले असतात, ओढून वाकवले की मिटतात. जुनं इलास्टिक गेल्या पावसाळ्यात तुटलं होतं. नवं त्याने गल्लीतल्या शिलाईच्या दुकानातून आणलं, बारा रुपयांना, आणि घरी बसून स्वतः ओवलं.